अनुभव धागा : सिगारेट सोडताना नाकातला निकोटिन स्प्रे

मी न्यू जर्सीत असतो. बावीस वर्षं रोज एक पाकीट. अंगावर निकोटिनचा पॅच (चिकटपट्टी) लावून दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. पॅच दिवसभर संथ पुरवठा करतो, पण जेवल्यावरची तलफ त्याला जुमानत नाही. शेवटी डॉक्टरांनी स्प्रे लिहून दिला. इथे तो १९९६ मध्ये आला, पण चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

पहिल्या दिवशी सर्दीच्या स्प्रेसारखा जोरात वर ओढला. नाकात मिरचीची धुरी! अकरा शिंका, डोळ्यांतून धारा. नंतर माहितीपत्रक वाचलं (आधी वाचेल तो मराठी माणूस कसला): मान किंचित मागे, श्वास तोंडाने, ओढायचा नाही. एका फवाऱ्यात अर्धा मिलिग्रॅम, दोन्ही नाकपुड्या मिळून एक डोस. तासाला पाच आणि दिवसाला चाळीस डोस ही कमाल मर्यादा. मी पंधरावर राहिलो. जळजळ आठवड्याभरात बरीच ओसरली. निकोटिनच्या च्युइंगगमपेक्षा (गम) लवकर चढतो, सिगारेटइतका मात्र नाही.

तुमचं कसं झालं? फसलेले अनुभवही लिहा.

लंडनहून : गाडी चालवताना मारू नका. मी सिग्नलला मारला, हिरवा झाला तेव्हा डोळे मिटून शिंकत होतो. मागच्यांनी हॉर्नने उद्धार केला.

एका बायकोकडून : यांनी बाटली उशाशी ठेवली होती, आमचा तीन वर्षांचा मुलगा झाकण काढत होता. निकोटिन पोरांना विषच. आता देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असते.

पुण्याहून : मी गमवर सोडली, दोन मिलिग्रॅमच्या. सुरुवातीला च्युइंगगमसारखा सपासप चघळला आणि दिवसभर उचक्या. तो चावायचा, झणझणला की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. चहा पिऊन लगेच घेतला तर काम करत नाही. टपरीवरच्या चहाचं काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही.

टेक्ससहून : माझी सिगारेट सुटली, स्प्रे चिकटला. तीन महिन्यांचा कोर्स, मी सातव्या महिन्यात होतो. डॉक्टरांनी एकाच नाकपुडीत मारायला सांगितलं, म्हणजे अर्धा डोस. मग एक आड एक वेळ टाळायची. पाच आठवडे लागले. सकाळच्या चहाबरोबरचा सगळ्यात शेवटी गेला.