प्रतिसाद: दडपणं नव्हे, नेमकं सांगणं

संघर्षाची बातमी देताना त्याचं मूळ आणि समेटाचे प्रयत्नही मांडणं, याला शांतता पत्रकारिता म्हणतात. ती म्हणजे वाईट बातम्या दडपणं, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात आरटीएलएम या हुतू कट्टरपंथीयांच्या रेडिओनं तुत्सी समाजाच्या नरसंहाराला चिथावणी दिली. शेजारच्या बुरुंडीत १९९५ मध्ये सुरू झालेल्या स्टुडिओ इजांबो या रेडिओ स्टुडिओनं मात्र हुतू आणि तुत्सी अशा दोन्ही समाजांच्या वार्ताहरांना जोडीनं बातमीदारीला पाठवलं. दोघं सोबत असले की दोन्हीकडची माणसं बोलतात, अफवा तिथल्या तिथे तपासता येते.

रेडिओ पत्रकारिता शिकणाऱ्यांनी एकाच घटनेची बातमी दोनदा रेकॉर्ड करून पाहावी. एकदा फक्त मृतांचा आकडा आणि नेत्यांचे आरोप. दुसऱ्यांदा वादाचं मूळ, घर सोडावं लागलेल्यांचे आवाज, समेटासाठी धडपडणारे लोक. मग दोन्ही बातम्या डोळे मिटून ऐकाव्यात. रेडिओवर चित्र नसतं, त्यामुळे ‘जमाव’ म्हटलं की ‘गावकरी’ म्हटलं, यावरच ऐकणारा मनात चित्र रंगवतो.