लेकराच्या शस्त्रक्रियेचा दिवस : पालकांचे अनुभव

लहान मुलाची शस्त्रक्रिया ठरली की आजाराची माहिती डॉक्टरांकडून पुष्कळ मिळते. परंतु त्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्याला नेमके काय काय करावे लागणार आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून येथे आजाराविषयी थोडक्यात आणि त्या दिवसाविषयी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. बाळाला उपाशी ठेवण्याचे तास, ऑपरेशन थिएटरच्या दारातली ताटातूट आणि शुद्धीवर येतानाचे रडणे यांबद्दल आवर्जून लिहावे. सुरुवात मी करते.

माझा मुलगा सव्वा वर्षाचा असताना त्याच्या जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया पुण्यात झाली. बाळांचा हा हर्निया आपोआप बरा होत नाही आणि त्यात आतडे अडकण्याची भीती असते, त्यामुळे थांबण्याचा प्रश्नच नव्हता. भूलतज्ज्ञ बाईंनी आदल्या दिवशी कागदावर लिहून दिले होते : जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, अंगावरचे दूध चार तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. भूल दिल्यावर पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते, हे कारणही त्यांनी सांगितले. सकाळी आठची वेळ मिळाली होती, म्हणून साडेतीनचा गजर लावून मी त्याला झोपेतच अंगावर पाजले. त्यानंतरचे तास माझ्यापेक्षा सासूबाईंना जड गेले. ‘घोटभर दुधाने काय होतंय गं’ असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, तेव्हा तो कागद फार कामी आला, कारण सुनेशी वाद घालता येतो, डॉक्टरच्या अक्षराशी घालता येत नाही. रुग्णालयात परिचारिकेने वाळे, मनगट्या आणि कमरेचा चांदीचा करगोटा काढायला सांगितले. शस्त्रक्रियेत विजेवर चालणारे उपकरण वापरतात, त्यामुळे अंगावरच्या धातूपाशी भाजण्याचा धोका असतो, हे तिने समजावले. करगोट्याची कडी काही केल्या निघेना, तेव्हा तिने ती पकडीने तोडली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवत म्हणाली, ‘आजी, टाके भरले की नवा बांधा, मी अडवणार नाही.’

*सोलापूर जिल्ह्यातून एक आई :*

माझ्या मुलीचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेले होते. मी ग्रहणात विळी हातात धरली असणार, हे बारशाच्या आधीच गावात ठरून गेले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातल्या डॉक्टरांनी ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, असे घरातल्या सर्वांना समोर बसवून सांगितले आणि त्यांच्याच चिठ्ठीवर पुढची व्यवस्था मोफत झाली. पहिली शस्त्रक्रिया ओठाची होती. परिचारिका ताईंनी तिला माझ्या मांडीवरून घेतले, तेव्हा ती त्यांच्याकडे पाहून हसली. दुपारी तिला परत आणले तेव्हा ओठ जुळलेला होता, टाके सुबक होते, सगळे आनंदात होते आणि मी मात्र रडत होते, कारण इतके महिने ज्या रुंद हसण्याची मला सवय झाली होती ते हसू आता दिसणार नव्हते. हे मी कोणाला सांगितले नाही. पुढे तपासणीच्या रांगेत बसलेल्या दुसऱ्या एका आईने आपण होऊन हेच बोलून दाखवले, तेव्हा मला हायसे वाटले. टाळूची शस्त्रक्रिया नंतर वर्षाच्या सुमारास झाली. तिचा हात तोंडात जाऊ नये म्हणून दोन्ही कोपरांना आधार देऊन पट्ट्या बांधल्या होत्या आणि दूध वाटी-चमच्यानेच द्यायचे होते. बाटलीची सवय असलेल्या बाळांना चमचा आधीपासून शिकवून ठेवावा.

*ठाण्याहून एक वडील :*

मुलगी पाच वर्षांची असताना तिचे टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्स (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) काढले. ‘अर्धा-पाऊण तासाचे काम आहे’ असे सांगितले होते; पण तो वेळ केवळ शस्त्रक्रियेचा होता, भूल देण्याचा आणि शुद्धीवर आणण्याचा त्यात धरलेला नव्हता, त्यामुळे पाऊण तासानंतरचे प्रत्येक मिनिट आम्ही नको ते विचार करत काढले. शुद्धीवर येताना ती किंचाळत होती, लाथा झाडत होती, सलाईनची सुई उपटू पाहत होती आणि मी बाबा आहे हेच तिला कळत नव्हते. भूल उतरताना लहान मुलांचे असे होते, थोड्या वेळात शांत होईल आणि तिला बहुधा यातले काही आठवणारही नाही, हे भूलतज्ज्ञांनी तेव्हा सांगितले. अर्ध्या तासात तसेच झाले आणि तिने शुद्धीत मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे कबूल केलेले आइस्क्रीम. हेच दोन शब्द त्या रुग्णालयाने आदल्या दिवशी सांगितले असते, तर माझी पत्नी बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसली नसती. माझी तक्रार एवढीच आहे.

*नागपूरहून एक आई :*

आमच्या मुलाला सकाळी शिंका आल्या आणि नाक वाहू लागले म्हणून शस्त्रक्रिया दारातूनच पुढे ढकलली. सर्दीत भूल दिल्यास श्वसनाचा त्रास होऊ शकतो, हे पटले. परंतु रजा, गाडीभाडे आणि मनाची तयारी तिन्ही वाया गेल्याचा राग यायचा तो आलाच.

*इंग्लंडमधून एक आई :*

येथे मूल झोपेपर्यंत आई किंवा वडिलांना बहुतेक ठिकाणी आत जाऊ देतात. दारातली ताटातूट टळते म्हणून भारतातल्या मैत्रिणींना माझा हेवा वाटतो, परंतु त्याची दुसरी बाजूही सांगते. हाताला आधीच बधिर करणारे मलम लावले होते, पण सुई नको म्हणून मुलाने हट्ट धरला, तेव्हा मास्कने भूल द्यायचे ठरले. ‘फुगा फुगवायचा आहे’ असे मी मराठीत सांगत होते, त्याने दोन-चार श्वास घेतले, डोळे अर्धवट फिरले आणि त्याची मान माझ्या दंडावर एकदम लुळी पडली. असे होणार हे ठाऊक असूनही पायांतले त्राण गेले. आईनेच आत गेले पाहिजे असा आग्रह धरू नये. घरात ज्याचे मन घट्ट असेल, त्याने जावे.

*कोल्हापूरहून एक वडील :*

आमच्या मुलाच्या हृदयाच्या पडद्यातले छिद्र बंद करण्याची शस्त्रक्रिया होती. वरच्या अनुभवांत मूल रडत बाहेर आले. आमचे रडतही नव्हते. छातीवर पट्टी, तोंडात श्वासाची नळी, बाजूला यंत्रे, अशा अवस्थेत अतिदक्षता विभागात पाच मिनिटे पाहू दिले. तिथल्या परिचारिकेने एकेका नळीवर बोट ठेवून ती कशासाठी आहे आणि साधारण कोणत्या क्रमाने निघेल हे सांगितले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी एक नळी कमी दिसली तेव्हा आम्हाला प्रगती मोजता आली. रक्तदात्यांची सोय मात्र आधी करावी. आमच्यासाठी गल्लीतले मित्र रात्रीच्या गाडीने आले आणि त्यांतल्या दोघांना हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्तपेढीने परत पाठवले. गरजेपेक्षा चार नावे जास्त लिहून ठेवावीत आणि त्यांना येण्याआधी गावातच रक्त तपासून घ्यायला सांगावे.