अमेरिकेत अर्ली डिसिजन भरावं का? एडची (आर्थिक मदतीची) गरज आहे

गोदाकाठ: मुलगी बारावी सायन्सला, एचएससी बोर्ड. कॉर्नेल विद्यापीठाला अर्ली डिसिजन (ईडी) भरायचं म्हणतेय. निम्म्याहून जास्त खर्च एडमधून निघायला हवा. ईडी, ईए (अर्ली अ‍ॅक्शन), आरईए (रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली अ‍ॅक्शन) यांत नेमका फरक काय?

पाटीपेन्सिल: ईडी म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असा शब्द देणं. ईडी एकाच कॉलेजला भरता येतं. विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या लागतात. मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. ईएमध्ये निकाल लवकर, बंधन नाही, 1 मेपर्यंत विचार करा. एमआयटीचं असंच. आरईए हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डचं: तिथेच जायचं बंधन नाही, पण दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली भरायचं नाही. पर्ड्यूसारखं सरकारी विद्यापीठ चालतं.

ईडीत प्रवेश मिळण्याचं प्रमाण जास्त दिसतं, ते आकडे बघून हुरळू नका. त्यात आधीच हेरलेले खेळाडूही असतात.

हिशेबनीस: तुमची खरी अडचण एडची आहे. कॉर्नेल परदेशी विद्यार्थ्यांसाठी नीड-अवेअर आहे, म्हणजे एड मागितल्याचा परिणाम निवडीवरच होऊ शकतो. म्हणून 'आत्ता नको, नंतर मागू' असा डाव टाकू नका. अशा कॉलेजांत सुरुवातीला मागितली नाही तर पुढे सहसा दार बंद. गरज किती हे कॉलेज ठरवतं, सीएसएस प्रोफाइल या आर्थिक माहितीच्या फॉर्ममधल्या उत्पन्न, बचत, घर यांवरून. खर्चाचा अंदाज देणारे कॉलेजांचे नेट प्राइस कॅल्क्युलेटर बहुधा अमेरिकन कुटुंबं धरून बनवलेले असतात, त्यांच्या आकड्यावर विसंबू नका. एड पुरली नाही तर ईडीतून सुटता येतं, पण दुसरी ऑफर दाखवून घासाघीस करायला हातात काही नसतं. ईडीच भरायचं तर डार्टमथ किंवा अ‍ॅमहर्स्ट बघा: दोन्ही परदेशी विद्यार्थ्यांसाठीही नीड-ब्लाइंड, म्हणजे एड मागितल्याचा निवडीवर परिणाम होत नाही.

बाकावरची: घोडं अडतं ते कागदांवर. नववी-दहावीचे मार्क शाळेकडे, अकरावीचे ज्युनिअर कॉलेजकडे, आणि काउन्सेलर म्हणून बहुधा प्राचार्य. कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) 1 ऑगस्टला उघडतं. तेव्हाच प्राचार्यांना स्कूल रिपोर्ट (विद्यार्थ्याबद्दल शाळेने भरायचा फॉर्म) आणि ईडीची सही समजावून सांगा. त्यांचा ईमेल ज्युनिअर कॉलेजच्या डोमेनचा असलेला बरा. दिवाळीची सुट्टी नेमकी मुदतीच्या आसपास येते, ऑफिसला कुलूप असतं. त्यामुळे सही-शिक्के सप्टेंबरातच उरका.

डिफर झालं, म्हणजे निर्णय पुढच्या नियमित फेरीत ढकलला, तर प्रिलिमचे मार्क मिड-इयर रिपोर्टमधून (वर्षाच्या मध्याला शाळेने पाठवायचा अहवाल) पाठवा. कॉर्नेलला ईडी टू (ईडीची दुसरी फेरी) नाही. टफ्ट्स, एमरी, व्हँडरबिल्टला आहे, मुदत जानेवारीच्या सुरुवातीला.