वृत्तवाहिन्यांना आवर कोणी घालायचा?

कवडसा: ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं की एक लाखाच्या दंडाने एखाद्या वाहिनीला काय फरक पडतो. हा आकडा वाहिन्यांच्या संघटनेने २००८ साली स्वतःसाठी ठरवलेला. तोही झोंबला तर दार उघडंच. २००९ मध्ये इंडिया टीव्हीला दंड झाला तेव्हा ती वाहिनी सरळ संघटनेतून बाहेर पडली (पुढे परत आली, ते सोडा). सदस्यत्व ऐच्छिक असताना याला नियमन कसं म्हणायचं? माझं मत: कायदा हवा, आणि त्याला दात हवेत.

नर्मदेचा गोटा: दात हवेत, मान्य. जबडा कोणाचा? नोव्हेंबर २०१६ मध्ये पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून एनडीटीव्ही इंडियाला एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवायचा आदेश निघाला. ओरड झाल्यावर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो स्थगित केला. मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीचं तर याहून वाईट. जानेवारी २०२२ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन परवानगी नाकारली, कारणं बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिली, वाहिनीला नाहीच. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मधे काही आठवडे पडदा काळा होता, त्याची भरपाई कोण देणार?

सरळमार्गी: आणि २६/११ विसरलात? कमांडो कुठून उतरतायत हे थेट दाखवत होते. पलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात न्यायालयाने यावर वाहिन्यांना चांगलंच फटकारलंय. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं ते सरकारने २०१५ मध्ये केबल नियमांत बदल केला म्हणून. आपणहून किती शहाणपण आलं होतं?

नर्मदेचा गोटा: तो नियम मला पटतो. एक ठराविक प्रसंग, एक ठराविक बंदी. पण त्याच केबल नियमांत 'अभिरुचीला बाधा' आणि 'अर्धसत्य' यांनाही मनाई आहे. अर्धसत्याला बंदी म्हटल्यावर कुठली वाहिनी उरेल? आणि कोणावर बडगा उगारायचा हे मंत्रालय ठरवणार.

खिडकीपाशी: तुम्ही दोघे आदेश निघालेल्या वाहिन्यांबद्दल बोलताय. मला न निघालेल्या आदेशांची जास्त चिंता वाटते. परवान्याचं नूतनीकरण मंत्रालयाकडे, सरकारी जाहिराती मंत्रालयाकडे. मग संपादक नोटिशीची वाट कशाला बघेल? बातमी बैठकीतच गळते. आणि गंमत बघा, स्टुडिओतला आरडाओरडा, कोणावरही देशद्रोहाचा शिक्का, हे सगळं चालू राहतं, कारण त्याने वरचं कोणी दुखावत नाही. जिथे आवर हवा तिथे नाही, नको तिथे भरपूर. २०२१ च्या केबल नियमांतली तीन पायऱ्यांची तक्रार-व्यवस्था घ्या: आधी वाहिनी, मग निवृत्त न्यायमूर्तींचं मंडळ, शेवटी सरकारी खात्यांची समिती. शेवटचा शब्द सरकारचाच.

कवडसा: म्हणून तर मी मंत्रालय म्हणत नाहीये, कायदा म्हणतोय. ब्रिटनमधलं ऑफकॉम बघा, वाहिन्यांवर देखरेख ठेवणारं. कायद्याने स्थापन झालेलं, वाहिनीच्या उत्पन्नाच्या टक्केवारीत दंड करू शकणारं. २०१९ मध्ये आरटी या रशियन सरकारी वाहिनीला २ लाख पौंड भरायला लावले. संघटना सोडून पळायची सोयच नाही.

नर्मदेचा गोटा: ऑफकॉमचा अध्यक्ष मंत्रीच नेमतो.

कवडसा: मग नेमणूक समितीकडे द्या. न्यायमूर्ती, विरोधी पक्षनेता, सगळे घ्या.

खिडकीपाशी: समितीचा प्रयोग आपल्याकडे झालाय. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. अध्यक्षाची शिफारस करतात राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक सदस्य. कागदावर याहून स्वायत्त काय हवं? आता पगाराचे पैसे कुठून येतात ते बघा, आणि मग दूरदर्शनच्या बातम्या लावा.