उत्तर: दिवाळीला खाऊ-कपडे द्यावेत का?

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी दिवाळीला फराळ आणि कपडे गोळा करावेत, असं तुम्ही सुचवलंय. हेतू चांगलाच आहे, पण दिवाळीत तिथे वस्तूंचा ढीग पडतो, अडतं ते माणसांवाचून. आई धंद्यावर असते तेव्हा, म्हणजे संध्याकाळनंतर, मूल कुठे असतं हा खरा प्रश्न. 'सहेली संघ' ही तिथल्याच बायकांची संघटना तिथेच पाळणाघर चालवते. 'वंचित विकास' या संस्थेचं 'निहार' हे याच मुलांसाठीचं वसतिगृह. जेवण, अभ्यास, झोपायला सुरक्षित जागा, आणि रोज तीच ओळखीची ताई. मूल मनातलं बोलतं ते तिच्याशीच. या ताईंच्या पगाराला देणगीदार मिळणं अवघड, कारण पगाराचा फोटो निघत नाही!

दुसरं, मुलावर लैंगिक अत्याचार झालाच तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना अशा अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी 'सहाय्यक व्यक्ती' नेमू शकते. जबाबापासून निकालापर्यंत ती सोबत असते. तारखा पडत राहतात, आणि त्या काळात कुटुंबावर तक्रार मागे घ्यायचा दबाव येतो, तेव्हा हीच सोबत कामाची. अशा कामाला वर्षभर थोडी थोडी रक्कम देता आली तर बघा.

आणि हो, अशा अत्याचाराचा संशय आला तर 'आधी खात्री करून घेऊ' म्हणत स्वतः मुलाची उलटतपासणी घेऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, रात्रीही चालतो. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, शेजाऱ्यांनाही.