क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठवून आई-बाबांना बिझनेस क्लासनं लंडनला नेता येतंय का?

औषधवाला_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं मेडिकल आहे, राहायला सांगलीत विश्रामबागला. बहीण लंडनजवळ स्लाऊला असते, आठ वर्षं झाली. आई-बाबा एकदाही तिच्याकडे गेलेले नाहीत. बाबा ७२ चे, दोन्ही गुडघे बदललेत. दोन तास एका जागी बसले की उठताना हातानं भिंत चाचपतात. नऊ-दहा तास त्या सीटवर बसणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलंय. बिझनेसचं तिकीट काढतो म्हटलं, तर किंमत विचारली आणि म्हणाले, "तेवढ्यात दुकानाला नवीन फ्रीज येतोय की."

परवा पुण्यात साडूंकडे गेलो होतो. ते मागच्या दिवाळीत पॉइंटवर सिंगापूरला गेले, बिझनेसनं, झोपून. फोटो दाखवले, पांघरुणाचा, पायमोज्यांचा, चांदीगत चमच्यांचा. कसं जमवलं विचारलं तर म्हणे, "कार्ड घे, कळेल." एवढंच. माणूस प्लॉटचा भाव सांगेल, पण हे सांगत नाही.

माझ्याकडं एकच कार्ड आहे. घरखर्च महिन्याला ४५,००० च्या आसपास, तो सगळा त्यावर. साठलेल्या पॉइंटवर आतापर्यंत एक मिक्सर आणि एक प्रवासी बॅग घेतली. बॅगेचं चाक पहिल्याच फेरीत गेलं. शिवाय स्टॉकिस्टांची देणी महिन्याला ३ लाख, ती चेकनं जातात. साडू म्हणतात, ती पण कार्डावर फिरव. तसं केलं तर वर्षात दोघांचं जमेल का? की हे सगळं पुण्या-मुंबईच्या पगारदारांचंच काम आहे?

निवांत_सातारकर

बँकेत ३४ वर्षं काढली, म्हणून सांगतो. पॉइंट म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. एका महिन्याचं बिल पूर्ण भरायचं राहिलं की वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांनी व्याज लागतं, आणि नव्या खरेदीला असलेली बिनव्याजी मुदतही जाते. दुधाच्या पिशवीवरसुद्धा त्या दिवसापासून व्याज. पैसे साठवा आणि रोख तिकीट काढा.

यार्डातली_वहिनी

काकांचं व्याजाचं बरोबर आहे. ज्याला बिल पूर्ण भरायची सवय नाही त्यानं हा धागा इथंच सोडावा. पण औषधवाले भाऊ, तुम्ही मिक्सर घेतलात तिथं मला हळहळ वाटली. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या अडतीचे हिशेब बघते, हळद आणि बेदाणा. २०२१ पासून मला हा नाद आहे. आम्ही दोघं एकदा सिंगापूरला जाताना बिझनेसनं गेलो, येताना साध्या वर्गानं. जे सांगते ते अंगावर काढलेलं आहे.

आधी साडूंचा सल्ला. ते ३ लाख फिरवू नका. स्टॉकिस्ट वरचे दोन टक्के मागणारच, कारण मशीनचा कट त्याच्या खिशातून जातो. महिन्याला ६,००० झाले, वर्षाला ७२,०००. फुकटचं तिकीट ते हेच का? दुसरं म्हणजे तुमचं कार्ड वैयक्तिक आहे. आमचं बारदानाचं बिल मी चार महिने माझ्या कार्डावर भरलं. एकच दुकानदार, दर महिन्याला, गोल आकडा. पाचव्या महिन्यात बँकेची मेल आली, खर्च धंद्याचा दिसतो, बिलं पाठवा. बिलावर अडतीचं नाव, कार्डावर माझं. ३१,००० पॉइंट काढून घेतले. भांडायला तोंड नव्हतं, नियमात ते स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. धंद्याचं भरायचंच असेल तर दुकानाच्या नावानं बिझनेस कार्ड घ्या, आणि दोन टक्के न मागणाऱ्यालाच त्यावर द्या.

आता ४५,००० चं काय होतं ते बघू. समजा कार्ड १०० रुपयांना २ मैल, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, देतंय. महिन्याचे ९००, वर्षाचे १०,८००. आणि समजा लंडनला एका बाजूच्या बिझनेसला माणशी ७०,००० लागतात. दोघांचे १,४०,०००. भागाकार केला तर तेरा वर्षं. बाबा ८५ चे होतील. म्हणून "कार्ड घे, कळेल" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रोजच्या भाजी-किराण्यावर कुणी विमानात झोपून जात नाही. पेट्रोल, भाडं, वॉलेट, सरकारी भरणा यांवर तर बऱ्याच कार्डांना काहीच मिळत नाही. मोठा ढीग पडतो तो कार्ड घेतानाच्या स्वागताच्या पॉइंटांतून आणि वर्षाचा ठरलेला खर्च गाठल्यावर मिळणाऱ्या वाढीव पॉइंटांतून. तुमच्या घरच्या वहिनींच्या नावानं दुसरं कार्ड काढा, आणि दोन्ही कार्डांचे टप्पे गाठता येतील असा खर्च वाटून घ्या. वार्षिक फी धरायला विसरू नका. १०,००० फी म्हणजे जीएसटीसकट ११,८०० होतात.

आणि तुमच्याकडं माझ्याकडं नव्हती अशी एक गोष्ट आहे. बहीण! ती तिथं किराणा, बस, सगळं कार्डावरच करत असणार. ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट आणि कतार एअरवेजचे पॉइंट दोन्ही 'एव्हिऑस'च, एकातून दुसऱ्यात हलवता येतात. तिचे एव्हिऑस तिनं वापरून आईंचं तिकीट काढावं, तुमचे तुम्ही वापरून बाबांचं. किंवा एअर इंडिया धरा, मुंबई-लंडन थेट जाते, त्यांच्या फ्लाइंग रिटर्न्स या पॉइंट योजनेचं आता महाराजा क्लब झालंय. कुठलंही धरा, पण एकच धरा. चार ठिकाणी पाच-पाच हजार साठवले तर ते गल्ल्यातल्या चिल्लरीसारखे पडून राहतात.

एक मात्र कुणी सांगत नाही. पॉइंटवर तिकीट काढलं तरी कर रोखच भरावे लागतात, आणि लंडनहून निघताना ब्रिटनचा प्रवासी कर वर्गाप्रमाणे बदलतो. आपल्या अंतराला साध्या वर्गाला शंभर पौंडांच्या आसपास, त्यावरच्या वर्गाला दोनशेच्या वर. मधल्या प्रीमियम इकॉनॉमीलासुद्धा तोच मोठा कर. शिवाय काही कंपन्या इंधनाचा अधिभार वेगळा लावतात. म्हणून मी तुमच्या जागी असते तर जाताना बिझनेस आणि येताना साधा वर्ग, पुढची पाय पसरायची सीट पैसे देऊन, असं केलं असतं. तरी येतानाचं विमान रात्रीचं असेल तर बाबांच्या गुडघ्याला विचारून ठरवा. तिथं करापेक्षा झोप मोठी.

तिकीट घ्यावं की नाही याचा माझा हिशेब साधा आहे. रोख तिकीट समजा १,४०,०००, पॉइंटच्या तिकिटावरचे कर २२,०००, पॉइंट ७०,०००. म्हणजे १,१८,००० भागिले ७०,०००, पॉइंटला १ रुपया ६९ पैसे आले. मिक्सरला तुम्हाला बहुतेक वीस-पंचवीस पैसेच पडले असतील. एक रुपयाच्या खाली येत असेल तर मी पॉइंटांना हात लावत नाही, रोख तिकीट काढते.

आता माझी चूक. सिंगापूरच्या वेळी सकाळी पॉइंटवरची जागा दिसली, मी आनंदानं कार्डातले ४६,००० पॉइंट विमान कंपनीकडं पाठवले आणि यार्डात सौद्याला गेले. पॉइंट पोचायला दोन दिवस लागले. तोवर जागा गेली. हललेले पॉइंट परत येत नाहीत. पुढं चौदा महिने मी रोज रात्री जेवणानंतर तारखा चाळायची, तेव्हा कुठं दोन जागा एका दिवशी मिळाल्या. हे म्हणायचे, "हळदीचा भाव एवढा बघितला असतास तर..." तेव्हा तुमच्या कार्डाकडून त्या कंपनीकडं जायला किती वेळ लागतो ते आधी थोडे पॉइंट पाठवून बघा. जागा साधारण अकरा-बारा महिने आधी उघडतात, आणि मे, दिवाळी, नाताळ सोडून बघितलं तर मिळतात. गणपती उरकून सप्टेंबरअखेर बघा. तिथल्या शाळा सुरू झालेल्या असतात, आणि थंडीही फार नसते.

फार साठवून पण ठेवू नका. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. दर दोन-तीन वर्षांनी कुठली तरी पॉइंट योजना रातोरात महाग होते. मी लाल चोपडीत चार रकाने आखलेत: तारीख, कुठले, किती, कधी मरणार. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी संपतात, ते मी लाल शाईनं लिहिते. पाडव्याला वहीपूजनात ती चोपडी पण ठेवते, सासूबाई बघून न बघितल्यासारखं करतात.

औषधवाला_मिरज

वहिनी, कागदावर लिहून काढलं. बायकोनं तेरा वर्षांचा भागाकार दोनदा तपासला. बहिणीला फोन केला तर तिच्याकडं ५२,००० एव्हिऑस पडून आहेत, तिला हे माहीतच नव्हतं! दोघांची तिकिटं वेगवेगळ्या खात्यातून काढली तर सीट शेजारी येतात का? आणि कमी पडलं तर बाबा एकटे बिझनेसनं आणि आई मागं, असं केलं तर?

यार्डातली_वहिनी

पहिल्याचं उत्तर, येतात. तिकिटं झाली की कंपनीला फोन करून दोन्ही जोडायला सांगायची आणि लगेच सीट निवडायच्या. दोन्ही तिकिटं हातात आल्याशिवाय मात्र कुणालाच सांगू नका, एकच मिळालं तर घरात महाभारत होतं. काही पॉइंट योजनांत ज्याच्यासाठी तिकीट काढायचं त्याचं नाव आधी नोंदवावं लागतं, आणि ते पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. आमच्या ह्यांचं मधलं नाव एका ठिकाणी नव्हतं, एवढ्याशानं तीन मेल झाल्या.

दुसऱ्याचं काय सांगू. आई "चालेल" म्हणतील. पण तासाभरात बाबा पडदा सारून मागं येतील, गोळ्या कुठल्या पिशवीत ठेवल्यात विचारायला. मग ते बिझनेस कशाला?

रात्रीची_महालक्ष्मी

मधेच बोलतो, माफ करा. विमानाचं सगळं झालं, पण सांगली ते मुंबई ३८० किलोमीटर आहे, ते कोण बघणार? माझ्या वडिलांना लंडनला न्यायचं नव्हतं, फक्त मुंबईत दाखवायला न्यायचं होतं, तरी खंबाटकीच्या अलीकडेच त्यांचे पाय सुजले. तेव्हापासून मोटार बंद. महालक्ष्मी एक्सप्रेसचा फर्स्ट एसी काढा, मिरजेतच बसवा, झोपून जाऊ दे. आयआरसीटीसीचं एसबीआय कार्ड आहे ना, त्यांच्या साइटवरून एसीची तिकिटं काढली तर भाड्याच्या १० टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात आणि पुढच्या तिकिटाला एक पॉइंट एक रुपयाला चालतो. विमानासारखं दिमाखाचं काही नाही, पण पहिल्या वर्षीच वसूल होतं. आणि एक दिवस मुंबईत मुक्काम ठेवा. गाडीला उशीर झाला आणि विमान गेलं तर पॉइंट कोण देणार?

निवांत_सातारकर

हे शेवटचं मला पटलं.

यार्डातली_वहिनी

खरंच, हे मी विसरलेच होते. विमानतळावर व्हीलचेअर नक्की मागा, कुठल्याही वर्गाच्या तिकिटाला फुकट मिळते, तिकीट काढतानाच नोंदवायची. बाबा नको म्हणतील, तरी नोंदवा. गुडघ्याला विमानापेक्षा हिथ्रोतलं चालणं जड जातं. जेवण शाकाहारी हवं असेल तर तेही आधीच कळवा. आम्ही कळवलं नव्हतं आणि ह्यांनी डबा उघडला. भडंग. लसणाचा वास तिसऱ्या ओळीपर्यंत. हवाई सुंदरी येऊन हसत विचारती झाली, हे काय आहे? ह्यांनी रुमालावर मूठभर काढून दिलं. तिनं खाल्लं, आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या एकीला घेऊन आली.

औषधवाला_मिरज

ठरलं. पुढच्या सप्टेंबरअखेरच्या तारखा बहीण आजपासून बघतेय. मी बायकोच्या नावाच्या कार्डाचा अर्ज भरला. मिरजेतनं महालक्ष्मीचा फर्स्ट एसी, आदल्या दिवशी मुंबईत पोचेल असा.

रात्री बाबांना सांगितलं, विमानात सीटचा पलंग होतो, सपाट. ते म्हणाले, "मग ते महालक्ष्मीत पण होतंय की." आईनं एवढंच विचारलं, पलंग झाला तर खिडकी राहते का?