मुलीचे जतन केलेले नाळेतील रक्त तिच्याच ल्युकेमियावर का वापरता येत नाही?

प्रश्न (एक आई): माझ्या सात वर्षांच्या मुलीचा एएलएल (ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) केमोथेरपी पूर्ण झाल्यावर आठ महिन्यांतच उलटला असून डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवले आहे. तिच्या जन्माच्या वेळी आम्ही ऐपतीबाहेर खर्च करून तिचे नाळेतील रक्त एका खासगी बँकेत ठेवले होते. परंतु डॉक्टर ते नाकारतात आणि तिच्या धाकट्या भावाची एचएलए (पेशींवरील ओळखखुणा) तपासणी करायला सांगतात. स्वतःच्या पेशींपेक्षा दुसऱ्याच्या पेशी सरस कशा? शिवाय दोघांचे रक्तगटही वेगळे आहेत.

उत्तर 1 (बालरक्तविकार विभागातील डॉक्टर): लहान मुलांच्या ल्युकेमियाची सुरुवात करणारा जनुकीय बदल अनेकदा गर्भातच झालेला असतो, नवजात बाळांच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या जुन्या थेंबांतही तो सापडला आहे. म्हणजे तुम्ही जपून ठेवलेल्या पिशवीत आजाराचे बी असू शकते. दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. केमोथेरपीतून किंवा किरणोपचारांतून निसटलेल्या कर्करोगाच्या पेशींना दात्याच्या प्रतिकारपेशी परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात, आणि हे काम मुलीच्या स्वतःच्या पेशींना तितकेसे जमत नाही. एकसारख्या जुळ्या भावंडाचा मॅरो दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळते, ते याचमुळे. रक्तगटाची चिंता नको, जुळायला हवा तो एचएलए. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. (भावाचा मॅरो रुजला की मुलीचा रक्तगटही यथावकाश त्याचाच होतो.)

उत्तर 2 (एक वडील): आमच्या मुलाला त्याच्या बहिणीचा मॅरो दिला. तिला भूल देऊन कमरेच्या हाडातून तो काढला. दोन दिवस कंबर दुखली, एवढेच. मुलाच्या छातीतील नळीतून ती लाल पिशवी साध्या रक्तासारखीच चढली. खरी कसोटी नंतरची होती. रोज सकाळी सीबीसीची (रक्तपेशींच्या मोजणीची) चिठ्ठी येई, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या वर जायला सतरा दिवस लागले. पुढे तळहातांवर पुरळ उठले, म्हणजे दात्याच्या पेशी मुलाच्याच शरीरावर उलटल्या होत्या. स्टेरॉइडने ते आटोक्यात आले.

उत्तर 3: भावाचा एचएलए जुळला नाही तरी खचू नका. आई किंवा वडील निम्मे जुळतातच, आणि तसे प्रत्यारोपणही आता अनेक केंद्रांत होते. 1988 मध्ये पॅरिसला नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण झाले, तेही रुग्णाच्या नव्हे, त्याच्या नवजात बहिणीच्या रक्ताने.

मूळ प्रश्नकर्ती: आभारी आहे. भावाचा नमुना सोमवारी देत आहोत. बँकेचे या वर्षीचे शुल्क मात्र भरणार नाही.